बुटीबोरीच्या इंजिनाची निरवानिरव

मी, शामला विठोबा निनावे, वय ७१, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा धाकटा भाऊ सुशील याला तो पटणार नाही. त्याला कायद्यात इलाज नाही.

१. महालातील घर माझी भावजय अंजू हिला द्यावे. सुशीलला देऊ नये, तो विकेल. आमच्या वडिलांनी याच घरात माग चालवून मला धातुशास्त्र शिकवले.

२. बुटीबोरीची कार्यशाळा. ती का काढली, हे नोंदवणे भाग आहे. मी विमानांच्या कारखान्यात नोकरीत असताना परदेशातून घेतलेले एक जेट इंजिन बिघडले. तिकडचे इंजिनियर आले, त्यांनी भोवती पडदा लावला आणि आम्हाला बाहेर उभे केले. इंजिन आमचे, पडदाही आमचाच. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि सहकारी पंकज याच्यासोबत वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी छोटे जेट इंजिन बनवायला घेतले.

पहिल्या चाचणीत इंजिनातली फिरणारी पाती वितळली. पुढच्या चाचणीत एक पाते पत्रा फोडून शेजारच्या दालमिलमध्ये पडले. मालक नत्थूजी ते दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "बाई, हे तुमचं आमच्या तुरीत पडलं. पातं उडते, मंग इंजिन काहून नाही उडून राहिलं?"

पात्यात केसाएवढी फट निघाली. आमच्याकडे ओतकाम पाहणाऱ्या गुंजनचा साचा भट्टीत तडकला होता. पंकज तापला. "मॅडम, गुंजनले काढून टाका. साचा तिनंच बनवला."

"काहून गा? साचा कसा तडकते हे आता तिलेच ठाऊक आहे. तिले काढलं तर नव्या माणसाले पुन्हा तेवढंच फोडावं लागन."

गुंजन राहिली. तिने साच्याची माती बदलली, मग भाजण्याची रीत बदलली. अनेक साचे फुटले, चहावाल्यानेही आमच्याकडे पाहून मान हलवणे सोडले. शेवटी इंजिन चालले आणि ठरलेला वेळ पूर्ण करूनच थांबले. पंकज काहीतरी ओरडला, पण माझ्या कानात बोळे होते. नंतर विचारले तर लाजला.

सबब कार्यशाळा विश्वस्त निधीकडे जावी आणि प्रमुख गुंजन असावी. इंजिन बसवून चाचणी घेतो तो ओटा विकू नये. फुटलेली पाती भंगारात घालू नयेत. नव्याने येणाऱ्याला आधी तीच दाखवावीत. कुठलाही भाग कुणापासून झाकू नये.

३. सुशीलने मला सुचवले होते, "अवं ताई, बाहेरून पार्ट आण, इथं जोड अन् आपलं नाव लाव. कोणाले कळते?" मी म्हटले, "मले कळते." तेव्हापासून तो राखीलाही आलेला नाही. त्याला माझी स्कूटर द्यावी. ती तो स्वतः दुरुस्त करेल तरच त्याची.

४. सध्या मोठ्या इंजिनाचे काम चालू आहे. ते पहिल्यांदा फुटेल. तेव्हा कोणी रडू नये, तुकडे वेचावेत. मी जाईन त्या दिवशी चाचणी ठरलेली असेल, तर पुढे ढकलू नये. आधी इंजिन चालवावे, मग मला घाटावर न्यावे. मी थांबते.

हे वाचून, समजून सही केली.

शामला विठोबा निनावे

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
१. डॉ. मयुरा हेडाऊ, महाल
२. रजत पराते, बुटीबोरी

नागपूर, १८ नोव्हेंबर २०२५