शेगडीच्या दाराला माती

१८ डिसेंबर, बुधवार

आज चार वाजता पुन्हा गिऱ्हाईक! तीन आठवडे झाले, हे घर घर राहिलेलं नाही, शोरूम झालंय. आणि शोरूम कुठे, तर अक्कांच्या खोलीत — माझ्या सासूबाईंच्या. का, तर नळी बाहेर काढायला झरोका तिथेच आहे.

माझे दीर, हितेंद्रभाऊजी, राहतात जळगावला, मेहरूणमध्ये. कारखाना पाचोऱ्याला. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या दळून त्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या काढतात. पेलेट म्हणायचं त्यांना. तिथवर ठीक. पण त्या गोळ्यांवर चालणारी, खोली ऊबदार करणारी काचेच्या खिडकीची शेगडी विकायची, आणि ती मांडायची धुळ्यात? मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटतं! भाऊजींचं उत्तर तयार असतं : "वहिनी, डिसेंबरात धुळ्याचा पारा पेपरात येतो. तुम्ही कथा लिहा, मशीनचं आम्ही बघतो."

अक्कांनी आज सकाळी शेगडीतली राख काढली आणि दाराच्या कडेने माती लिंपली. चुलीला लिंपतात तशी. शेण-माती, बोटांचे ठसे आणि सगळं! काळ्या चकचकीत परदेशी शेगडीवर! साडेतीनला मी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. गिऱ्हाईक महाबळेश्वरकडचे हॉटेलवाले. त्यांनी चहा घेतला, शेगडीसमोर फोटो काढला, गेले.

संध्याकाळी लाईट गेली. थोड्या वेळाने अक्का मला "तारा, तारा" म्हणायला लागल्या. तारा त्यांची बहीण, वारून वीस वर्षं झाली. मग उलटी. डोकं धरून बसल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर जळगावला. लेखिका मेळावा. तीन तास दीपप्रज्वलन आणि सत्कार, वाचनाला वीस मिनिटं. माझ्या वाट्याला चार. अध्यक्षबाई झोपल्या होत्या, आणि त्या सबंध सभागृहात तेवढंच एक प्रामाणिक काम चाललं होतं.

रात्रीच्या जेवणाला घरी. यांनी शेगडी पेटवलेली. लाईट आजही दोन तास नव्हती म्हणे. अक्का मात्र मजेत! माहेरच्या सगळ्या म्हशींची नावं सांगितली. सात.

२३ डिसेंबर, सोमवार

गिऱ्हाईक पुण्याचं. फार्महाउसवाले नवरा-बायको. बाईंनी शेगडीच्या दारावरची माती बघायच्या आत मी पुसली, नशीब! भाऊजी मात्र आधीच आले होते, त्यांनी बघितली. स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात : "वहिनी, अक्का शेगडीला शेण लावते. हे नॉर्मल आहे का?"

माझ्याही तोंडून गेलं, "नाही."

संध्याकाळी लाईट गेली आणि अक्कांनी भाऊजींना विचारलं, "तू कोना पोऱ्या शे रे, भाऊ?" पोटच्या मुलाला! भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटलं. दहा मिनिटं. मग ते फोनवर बोलू लागले, आणि वाईट वाटायचं संपलं. नाशिकला एक संस्था आहे. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात. "सगळी व्यवस्था आहे, बागसुद्धा आहे." बाग! जिने पन्नास वर्षं केळी लावली तिला चार गुलाब दाखवणार.

२४ डिसेंबर, मंगळवार

यांना म्हटलं, अक्का नाशिकला नको. हे म्हणाले, "बघू." योगेंद्र पाटील यांचं समग्र साहित्य : बघू.

२८ डिसेंबर, शनिवार

भाऊजी फॉर्म घेऊन आले. संक्रांत झाली की पंधरा तारखेला अक्कांना घेऊन जाणार. हे सही करतील. हे सगळ्यावर सही करतात.

अक्का समोरच बसल्या होत्या. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं. माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. मी शेगडी पुसत होते. पाच वाजता कोणी येणार होतं ना. आलंच नाही.

संध्याकाळी पुन्हा तेच. डोकं, उलटी, तारा.

३१ डिसेंबर, मंगळवार

शेगडीची काच आठ दिवसांत काळी पडलीये. पुसली तरी दुसऱ्या दिवशी तशीच. गिऱ्हाईक यायच्या आधी भाऊजींनी झुलालना धाडलं. झुलाल चाळीस वर्षं जिनिंगच्या बॉयलरवर होते, आता घरोघरी पंप दुरुस्त करतात. कानाला बिडी, बोलणं थोडं.

त्यांनी दार उघडलं, कडेच्या खोबणीतली दोरी बोटाने दाबली. "वहिनी, पॅकिंग मेलं शे." काचेच्या धाग्यांची ती दोरी लोकरीसारखी मऊ असायला हवी. ही लाकडासारखी झालेली, दोन ठिकाणी तुटलेली. म्हणाले, कागद द्या. मी याच वहीचं मागचं पान फाडून दिलं. त्यांनी ते दारात अडकवलं, दार लावलं, म्हणाले, ओढा. अलगद आलं! सुरकुतीही नाही.

मग विचारलं, "हाई खोलीमा कोण झोपस?"

सांगितलं.

"त्यासले चक्कर येस का? उलटी? माणसं वळखता येत नहीत?"

मी खाली बसले. झुलाल म्हणाले, लाईट असते तोवर आतला पंखा धूर नळीने बाहेर फेकतो. लाईट गेली की पंखा बंद, आत निखारा तसाच, आणि मग धूर जिथे फट मिळेल तिथून खोलीत. विषारी भाग दिसतही नाही. बॉयलरवर त्यांचा जोडीदार असाच स्वतःच्या बायकोला मावशी म्हणायचा.

मी तिथल्या तिथे शेगडी विझवली. अक्कांची गादी आमच्या खोलीत आणली. गिऱ्हाइकाला दारातूनच सांगितलं, शेगडी आजारी आहे.

१ जानेवारी, बुधवार

भाऊजींना फोन. "वहिनी, कंपनीचा माल आहे. एकही तक्रार नाही." मी म्हटलं, तक्रार करणारीला तुम्ही नाशिकला पाठवताय. फोन ठेवला त्यांनी. नववर्षाच्या शुभेच्छा!

नंतर एका तासाने मेसेज : पॅकिंग बदलायला कंपनीचा माणूस फेब्रुवारीत येईल. फेब्रुवारीत! थंडी संपल्यावर!

झुलालना म्हटलं, दोरी आणून द्या, मी बसवते. ते हसले. "तुम्ही?" मी म्हटलं, चाळीशी उलटून सहा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत गोधड्या शिवल्यात, रजईत कापूस भरलाय, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधलेत. दाराला दोरी लावता येणार नाही?

४ जानेवारी, शनिवार

नाही आली लावता.

जुनी दोरी उपटली, खोबणी खरवडून, घासून स्वच्छ केली. दीड तास. नखं काळी. उष्णता सोसणारा चिकट मसाला भरला आणि दोरी ताणून ताणून नीट बसवली. वेणी घालतात तशी, घट्ट. एवढी सुंदर दिसली! पान अडकवून दार लावलं, ओढलं. अलगद आलं.

झुलाल बघून म्हणाले, "ताणनी का? ताणनी तं बारीक व्हस ना, वहिनी. तिले ढिली सोडानी, तिना मनमा जशी बसी तशी."

अक्का पलीकडच्या खोलीतल्या गादीवरून हसल्या. मोठ्याने! "लेखिका शे ती, झुलाल. तिले बठ्ठं घट्टच लागस."

चार दिवस धूर नाही, आणि टोमणे परत आले. मी उभ्या उभ्या रडले.

५ जानेवारी, रविवार

पुन्हा. यावेळी ढिली. दोन्ही टोकं बिजागरीच्या बाजूला एकमेकांना भिडवली. काचेच्या खिडकीची चपटी पट्टीही बदलली. दार लावून एक दिवस तसंच ठेवायचं.

हे मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "मी काही करू?" लग्नाला बावीस वर्षं. मी म्हटलं, बघू.

६ जानेवारी, सोमवार

पान ओढलं. फाटलं. अर्धं हातात, अर्धं दारात. एवढा आनंद मला कुठल्या दिवाळी अंकाने दिला नव्हता.

९ जानेवारी, गुरुवार

अक्कांना डॉक्टरकडे नेलं. भाऊजीही आले, फॉर्म खिशात. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. अक्का म्हणाल्या, "बाजारमा मी कधी सात रुपया सोडात नहीत, दवाखानामा बरं सोडसू!" पण केलं सगळं. मग माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, ह्या कोण?

"मनी सून. गोष्टी लिखस. खरं थोडं, लांबन जास्ती."

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार नाही. बंद खोलीतला धूर. आणखी महिनाभर राहिल्या असत्या तर...  त्या खोलीत परत झोपवू नका म्हणाले.

भाऊजींनी बाहेर येऊन फॉर्मची घडी आणखी बारीक केली. मग आणखी बारीक. "वहिनी, तुमच्यामुळे कळलं." पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून. मी विजयी चेहरा केला. चांगला जमतो मला.

१२ जानेवारी, रविवार

झुलाल शेगडी गाडीत चढवायला आले. पाचोऱ्याला परत जातेय. बिजागरीत वाळलेली माती अडकलेली दिसली त्यांना. नखाने काढून म्हणाले, "हाई कोणी लिंपं व्हतं? शहाणं माणूस शे. दोरी गयी की मातीच कामनी."

ते गेल्यावर वही मागे उलटली.

अठरा : पुसलं. तेवीस : पुसली. अठ्ठावीस : पुसत होते. वीस तारखेला मी जळगावला. लाईट गेलेली, शेगडी पेटलेली, आणि अक्कांना सात म्हशी आठवत होत्या.

सगळं माझ्याच अक्षरात.

भाऊजींवर किती पानं लिहिलीत मी. कोणाला सांगितलं नाही अजून.

१४ जानेवारी, मंगळवार

अक्का तीळ भाजत होत्या. सांगितलं. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

"माले माहीत शे," म्हणाल्या. "पावनासमोर तुले लाज वाटे. म्हनीसन मी रोज सकायले परत लिंपत व्हतू."

माझ्या हातावर लाडू ठेवला. "आते हितेंद्रशी गोड बोल."