हॉर्न जपून वाजवा

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, दुपार

तीर्थरूप बसव्वा आत्तींच्या चरणी शिवलीलाचे शरणार्थ.

पत्र पाहून घाबरू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण मी फोनवर बोलत असले की अप्पा समोर बसून माझ्या चेहऱ्यावरून तुमचं बोलणं ओळखतात आणि मधेच उत्तरं देतात. तुमचा गुडघा कसा आहे? नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडत नाही ना? दादानं कूलर बसवला का? पाठवलेलं लोणचं पोचलं का? (बरणीचं झाकण नीट बसलं नव्हतं हे मला गाडी सुटल्यावर आठवलं. तेल सांडून कुणाची पिशवी खराब झाली असेल तर त्यांचा पत्ता कळवा, मी क्षमा मागीन.)

माझा स्वभाव असा आहे यात माझ्या एकटीचा दोष नाही. शाळेत नाव घालण्याआधी तुम्ही मला स्वयंपाकघरात परातीत पीठ पसरून अक्षरं गिरवायला लावलीत. त्याच परातीसमोर बसवून हेही शिकवलंत की विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही सबब चालणार नाही, ते खोटं बोलण्यातच जमा. घरातल्या बाकीच्यांनी हे कानाआड केलं. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं, आणि आता जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथेच आहे.

तर अप्पांनी ठरवलं होतं की ही लग्नसराई झाली की आपली चूल बंद. (घरची नव्हे. लग्नाच्या जेवणाची, आजोबांपासूनची.) त्यांची कंबर धरते, पातेली उचलवत नाहीत, आणि पोरगी एकटी एवढा पसारा कसा सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सांभाळीन. त्यावर ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, कळंब्याच्या गणपतरावांच्या मुलीचं लग्न तू एकटीनं करून दाखव. माणसं वेळेवर, जेवण वेळेवर आणि मांडवातून एक तक्रार नको. तक्रार आली की भांडी विकून टाकायची. आत्ती, ज्या पातेल्यात तुम्ही मला लहानपणी अंघोळ घालत होता, ते पातेलं कुणीतरी उचलून घेऊन जाणार, या विचारानं मी ताटावरून उठले.

आता अडचण अशी की आपल्या बायका वर्षानुवर्षे टेंपोत, मागे भांड्यांमध्ये बसून लग्नाला जातात. शालूबाई (आपल्या मुख्य आचारीणबाई, तुम्ही त्यांना ओळखता) तर थेट भाताच्या हंड्यात बसत, कारण त्यात धक्के कमी लागतात. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत असा नियम आहे, आणि नसता तरी मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी हट्ट धरला, एक मोठी गाडी घ्यायची, जिच्यात सगळ्या बायका ताठ मानेनं बसतील आणि जिच्या मागे शेगड्या-भांड्यांची ट्रॉली जोडता येईल. नवी घेणं आपल्याला झेपणारं नव्हतं. म्हणून जुनी.

जुन्या गाड्यांच्या बाजारात माणसं किती सहज खोटं बोलतात हे पाहून मला पहिल्याच दिवशी ताप भरला. एकानं सांगितलं, गाडी डॉक्टरांची आहे, देवदर्शनाशिवाय कुठे गेली नाही. मागची सीट उचलली तर खाली शेळीच्या लेंड्या. (डॉक्टर कशाचे, हे विचारायचं धाडस झालं नाही.) दुसऱ्या ठिकाणी गाडी जेवढी चालली म्हणून काट्यावर दिसत होतं, ते पुढच्या आठवड्यात बघायला गेले तर कमी झालेलं. म्हणजे मधले सात दिवस ती उलटी चालवली असली पाहिजे. मी फ्रिजवरचा लोहचुंबक पर्समध्ये घालून हिंडत होते, पत्रा आहे तिथे तो चिकटतो आणि सडका पत्रा झाकायला लांबी (रंगाखालचा लगदा) भरली आहे तिथून घसरतो. एका गाडीवरून तो असा घसरत गेला की सरळ रस्त्यावर पडला, आणि विकणारा म्हणाला, ताई, तुमचं चुंबक खराब हाय.

मग कळंब्याचे भाऊसो गवळी भेटले. वयस्कर, पांढरी टोपी, हातावर शेणाचा शिंतोडा. चाऱ्याची ट्रॉली ओढायला आणि घरची सगळी माणसं एकदम जत्रेला न्यायला त्यांनी एक लांबलचक गाडी ठेवली होती. आता दुधासाठी पिकअप घेतला म्हणून ही काढायची होती. ट्रॉलीचा हूक तयारच. मी चुंबक लावला, तो सगळीकडे चिकटला. मी विचारलं ते त्यांनी सांगितलंच, न विचारलेलंही सांगितलं: मधली काच अडकते, एसीला डाव्या बाजूनं पेंडीचा वास येतो. शेवटी मी विचारलं, अजून काही सांगायचं राहिलं आहे का? त्यांनी गोठ्याकडे बघत टोपी सारखी केली. मग म्हणाले, ‘‘एकच हाय बघा ताई. हॉर्न जपून वाजवा.’’

आत्ती, मला भरून आलं. कोल्हापुरात राहून दुसऱ्याला हॉर्न जपून वाजवायला सांगणारा माणूस! मी म्हटलं, मी हॉर्न वाजवतच नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान उमटलं, ‘‘मग काय बी घोर न्हाय,’’ म्हणाले आणि चहा मागवला. मला वाटलं, विचार जुळणारी माणसं अशी भेटतात.

गाडी घरी आली तेव्हा तिचं तोंड शेजारच्या दवाखान्यासमोर आणि शेपूट पलीकडच्या क्लासच्या फाटकासमोर. मी दोन्हीकडे जाऊन आधीच माफी मागून आले. शालूबाईंनी भोवती एक फेरी मारून विचारलं, ‘‘ही गाडी हाय का ब्लॉक? मागच्या बाजूला भाडेकरू ठिवा की.’’ हॉर्न मी खरंच वाजवला नाही. समोर कुणी आलं की काच खाली करायची आणि जरा बाजूला होता का, असं विचारायचं. (पोचायला उशीर होतो, पण ओळखी खूप होतात.)

लग्नाच्या दिवशी सगळं वेळेवर होतं. बायका आत, एकही हंड्यात नाही. मागे ट्रॉली, ट्रॉलीत शेगड्या, भांडी आणि वर मेथीच्या पेंड्यांचा डोंगर, कारण गणपतरावांच्या विहीणबाईंना मेथीची भाजी हवी होती. कळंब्याच्या तलावाशी आलो आणि रस्ता भरून नवरदेवाची मिरवणूक, बेंजो, नाच. म्हणजे ज्यांना जेवायला घालायचं तेच वाट अडवून नाचत होते. मी काच खाली करून विनंती केली. एका काकांनी मलाच नाचायला बोलावलं. मी दुसऱ्यांदा विनंती केली. शालूबाई म्हणाल्या, ‘‘शिवू, तुझ्या इनंतीवर भात शिजत न्हाय.’’ पंगतीची वेळ डोळ्यांसमोर आली, ते पातेलं डोळ्यांसमोर आलं, आणि मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागून मी हॉर्न दाबला.

तो आवाज मला सांगता येणार नाही. साखर कारखान्याचा भोंगा कुणीतरी आनंदानं वाजवावा तसा काहीतरी. बेंजो थांबला. वाट मोकळी झाली. मी आभार मानून पुढे निघाले, एवढ्यात मागच्या सीटवरून धोंडुबाई (चपात्या लाटणाऱ्या, फार कमी बोलतात) म्हणाल्या, म्हशी आल्या. मी म्हटलं, त्यांना पुढे जाऊ द्या. धोंडुबाई म्हणाल्या, ‘‘फुडं न्हाय जात. आपल्या मागनं येत्यात.’’

आरशात पाहिलं. तलावातून निथळत चार म्हशी चिखलासकट वर आल्या होत्या आणि धावत होत्या, चौखूर, शेपट्या वर करून. मी गाडी थांबवली तर त्या थांबल्या. निघाले तर निघाल्या. मी खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जाण्याची खूण केली. शेवटी त्यांना हाकलण्यासाठी (धन्य माझी अक्कल) पुन्हा हॉर्न वाजवला, तर त्यांतली सर्वांत थोराड म्हैस आनंदानं रेकली आणि ट्रॉलीला येऊन चिकटली.

आत्ती, दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही मला खांद्यावर बसवून म्हशी बघायला न्यायचात ते आठवतं ना? शिंगं रंगवलेली, मोरपिसं बांधलेली, मालक मोटारसायकल फटफटवत पुढे आणि म्हैस गर्दीतून फक्त त्याच आवाजामागे धावत जायची. भाऊसोंनी (हे मला मागाहून कळलं) विचार केला होता की मोटारसायकलवरून सगळेच येतात, आपण मोठ्या गाडीतून यावं. म्हणून त्यांनी आपल्या म्हशी या गाडीच्या हॉर्नवर तयार केल्या होत्या. आणि मी काळजीपूर्वक, चुंबक लावून, नेमकी तीच गाडी घेतली होती.

मांडवाच्या दारात आम्ही त्या थाटात शिरलो. पुढे मी घामाघूम, मागे ट्रॉली, त्यामागे चार म्हशी, त्यांच्यामागे नाचत आलेली मिरवणूक, कारण बेंजोवाल्यांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. बायकांनी ताटं आणून म्हशींना कुंकू लावलं. मी गाडीतून उतरून गणपतरावांकडे खुलासा करायला धावले, तेवढ्यात त्या थोराड म्हशीनं (तिचं नाव मैना आहे) ट्रॉलीत तोंड घातलं. मी परत येईपर्यंत मेथीच्या डोंगराचं पठार झालं होतं, आणि बाकीच्या तिघी ते सपाट करत होत्या.

मी ट्रॉलीचं चाक धरून रडायला लागले. शालूबाईंनी एकदा मेथीकडे, एकदा म्हशींकडे पाहिलं, पदर खोचला आणि बेसनाचं पोतं फोडलं. पातेलंभर झुणका केला, कांदा सढळ, वरून लसणाची फोडणी. मला मात्र राहवेना. मी गणपतरावांना गाठून सांगितलं की भाजी म्हशींनी खाल्ली, म्हशी माझ्या नाहीत, हे स्वागत नव्हतं, अपघात होता. ते दर वेळी मान हलवायचे आणि तिसऱ्या खेपेला माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘ताई, कुनाला काय बी सांगू नका. व्याही म्हंत्यात असलं स्वागत आमच्या घरात कुनाचं झालं न्हाय. मेथी गेली खड्ड्यात.’’ आत्ती, खरं सांगण्यासाठी एवढी धडपड करावी आणि ते कुणाला नकोच असावं, याचा मला म्हशींपेक्षा जास्त धक्का बसला.

पंगत चालू असताना भाऊसोंचा मुलगा विश्वजित मोटारसायकलवरून आला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याचा पहिला प्रश्न: ‘‘हॉर्न वाजवलासा व्हय?’’ मी हो म्हटलं आणि पुन्हा रडले. त्यानं म्हशींना हाका मारल्या, मोटारसायकल फटफटवली, पण मैना गाडीपासून हलेना. त्यामुळे जेवणं उरकल्यावर मलाच त्यांना गोठ्यापर्यंत सोडायला जावं लागलं. पुढे मी, मध्ये म्हशी, मागे तो. तिथे त्यानं न सांगता ट्रॉली धुऊन दिली आणि खाली बघत म्हणाला, ‘‘बाबांनी हॉर्नचं नीट फोडून सांगायला पायजे हुतं. ते लाजलं. पर सांगायचं ऱ्हायलं म्हंजी फसवल्यागतच की.’’ मी दचकले. हे वाक्य मी आजवर फक्त तुमच्या तोंडून, परातीसमोर ऐकलं होतं.

मग कळलं की गाडी गेल्यापासून मैनेनं दूध निम्म्यावर आणलं होतं. त्या संध्याकाळी बादली भरली. आता चूक माझी नसली तरी गाडी माझ्याकडे आहे, तेव्हा तिला सवय होईपर्यंत मी रोज सकाळी धारेच्या वेळी गोठ्यावर जाऊन एकदा हॉर्न वाजवून येते. अप्पांना हे मुळीच पसंत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर एकच आली: नवऱ्याच्या मामांना झुणका दुसऱ्यांदा मिळाला नाही. ही तक्रार धरायची की कौतुक, यावर अप्पा बरेच दिवस पंख्याकडे बघत विचार करत होते. शेवटी म्हणाले, बसव्वाक्काला विचारू, ती म्हणेल तसं. म्हणून चुलीचा निकाल तुमच्या हाती आहे. मी तुमच्यावर दडपण आणत नाही. ते पातेलं मात्र मी रोज घासून ठेवते.

दादाला नमस्कार, वहिनींना आठवण. तब्येतीला जपा.

तुमची,
शिवलीला

ता. क. : पुढच्या दोन लग्नांची बोलणी आली आहेत. दोघांनीही जेवणाआधी म्हशींचं विचारलं. मी नाही म्हटलं, तर ते म्हणाले, बघा की जमतंय का.

ता. क. दुसरा : अप्पा म्हणतात, गाडीचा हॉर्नच बदलून टाक. मी बघते म्हणाले. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले, चहा येईपर्यंत बदलून देतो. हे मी अप्पांना अजून सांगितलेलं नाही. घरात कुणाला तरी सांगितलेलं असावं, म्हणून तुम्हाला लिहीत आहे.

ता. क. तिसरा : मैना आता हॉर्न वाजायच्या आधीच पान्हा सोडते. हे विश्वजितनं मला स्वतःहून सांगितलं. लपवता आलं असतं, पण त्याला ते जमत नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, ‘‘तरी बी येत जावा.’’ मी जाते. पाडव्याला अजून फार अवकाश आहे, तोवर थांबू नका, आषाढात बेंदराच्या सणालाच या. म्हशी बघायला येते, एवढंच अप्पांना कळवा. हे खोटं होणार नाही, म्हशी तिथे असतीलच.