कार्डावरच्या दुसऱ्या रेषेबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, वर्धा.

विषय : जननेंद्रियांच्या हर्पिसची झटपट कार्ड-चाचणी किती खरी ठरते, याची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : सुखदा आरोग्य संस्थेचे नालवाडी येथील शिबिर, दि. ९ मार्च २०२५.

महोदय,

मी पिपरी मेघे येथे शिवणवर्ग चालविते. वरील शिबिरात माझ्या बोटाचे रक्त घेतले व पंधरा मिनिटांनी कार्डावर दोन रेषा उमटल्याचे सांगण्यात आले. सांगण्यात आले म्हणजे रांगेसमोर, मोठ्याने: "आचल भोयर, हर्पिस पॉझिटिव्ह!" रांगेत माझ्या सासूबाई उभ्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारले, "काऊन वं, हा रोग कुठून आणला?" पती अश्विन यांनी "मले तोंड दाखवू नको" म्हणत त्याच संध्याकाळी मला पवनारला माहेरी सोडले. स्वतःचे रक्त तपासावे, असे त्यांना सुचले नाही.

मला कधी फोड नव्हता, जखम नव्हती. तीन महिन्यांनी मी नागपूरला प्रयोगशाळेत रक्त दिले. अहवाल निगेटिव्ह आला. तो घेऊन संस्थेत गेले असता व्यवस्थापक धर्मेंद्र म्हणाले, "ताई, कार्डच आहे ते, कधी चुकते. पण अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर येते." शिबिरात तपासलेल्या दोनशे बारा बायकांत पॉझिटिव्ह किती, हे मी विचारले. नऊ. त्यांतल्या पुन्हा तपासल्या किती? एकही नाही. महोदय, शंभर निरोगी बायकांत दोघींचे कार्ड चुकले, तर दोनशे बारांत चौघींचे चुकते. हा हिशेब मला जमतो, संस्थेला जमला नाही? कार्डांच्या खोक्यातल्या कागदावर छापलेले आहे की पॉझिटिव्ह आल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करावी. तो कागद कोणी उघडलाही नव्हता.

नावे पुकारलेलीच होती, म्हणून मी त्या बायकांच्या घरी गेले. तिघी माझ्यासोबत नागपूरला आल्या. दोघी निगेटिव्ह निघाल्या. तिसरीला रोग खरोखर आहे. तिने एवढेच विचारले, "मंग मले औषध काऊन नाई सांगतलं कोणी?"

तरी या कार्डांची प्रयोगशाळेच्या चाचणीशी तुलना करून अचूकता तपासावी, तोवर त्यांचा वापर थांबवावा आणि उरलेल्या पाच जणींना एकांतात बोलावून फेरतपासणी करावी व रोग निघेल तिला औषध द्यावे.

हा अर्ज माझा संसार जुळावा म्हणून नाही. अहवाल पाहून पती न्यायला आले होते. मी गेले नाही. कार्ड चुकले, पण त्यांनी मला एक शब्द विचारला नव्हता. त्यांच्याबद्दलचा निर्णय मी घेतला आहे. कार्डाबद्दलचा आपण घ्यावा.

आपल्या लेखी उत्तराची हक्काने वाट पाहणारी,
आचल भोयर
मु. पवनार, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : माझा अहवाल, खोक्यातील सूचनापत्र. (इतर तिघींचे अहवाल त्यांच्या इच्छेवरून जोडलेले नाहीत.)