हिरव्या पडलेल्या पिरोज्यांच्या माळेची व्यवस्था

मी, श्रीमती चांगुणा सूर्यभान खेतमाळीस, वय ७१, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, तो डोक्यापुरताच.

१. राहते घर मुलगा सुनील यास. सून आरती हिला त्यात तहहयात राहण्याचा हक्क. दोघे भांडल्यास ओट्यावर सुनीलने झोपावे.

२. पोस्टातील ठेव आरतीची. तिने माझे दुखणे काढले. तोंड वाजवत काढले, पण काढले.

३. चांदीत जडवलेली अकरा पिरोज्यांची माळ नात निकिता हिला. माझे यजमान कै. सूर्यभान कांद्याचा ट्रक घेऊन जयपूरला गेले, तेव्हा त्यांनी ती आणली. खडे तेव्हा आभाळासारखे निळे होते. वर्षभरात हिरवट पडले. धाकटे दीर रंगनाथ यांनी घरभर सांगितले, "बाईचं मन फिरलं की पिरोजा रंग बदलतो." यजमानांनी ते खरे मानले व पाच महिने माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला मात्र वेळेवर बसत.

मी माळ घेऊन एकटी एस.टी.ने नगरला गेले. जडावकाम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने माळ नाकाशी नेली. "बाई, खोबरेल लावता काय?"

"रोज. चमकावी म्हणून."

"हा दगड तेल पितो. घाम, साबण, अत्तर, समदं पितो. मनाचं त्याला काय कळतंय?"

घरी येऊन हे सर्वांसमोर सांगितले. रंगनाथ ढेकर देऊन उठून गेले. पुढच्या खेपेला यजमानांनी पिरोज्याची कानातली फुले आणली. मी ती दोन वर्षे घातली नाहीत. मग एका संध्याकाळी ते दारात उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं. घालशील का?" तेव्हा घातली. तीही निकिताचीच.

४. निकिता, तेल, पावडर, अत्तर आधी. माळ सर्वांत शेवटी. उतरवल्यावर मऊ, कोरड्या कापडाने पुसून वेगळ्या पिशवीत ठेव. उन्हात नको, साबणात नको, लिंबात तर नकोच (आरती, हे तुलाही). हिरवा पडलेला खडा पुन्हा निळा होत नाही. कोणी रंगवून देतो म्हणाला तर त्याला हात जोड. माळेचा रंग पाहून कोणी तुझ्या मनाविषयी बोलला, तर मात्र हात जोडू नकोस.

५. दीर रंगनाथ यांना काहीही नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष चांगली. म्हणून त्यांनाच बोलावले व वरील मजकूर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. तिसऱ्या कलमाशी ते अडले.

"वहिनी, हे लिहायलाच पायजे व्हय?"

"व्हय."

त्यांनी चष्मा पुसून पुढे वाचले. शेवटी म्हणाले, "मला तवा काय बी म्हाईत नव्हतं."

"तेच लिहिलंय, भाऊजी. करा सही."

हे कलम त्यांच्यासमोरच लिहिले. सर्व मजकूर माझ्या मर्जीचा आहे. कोणाचा धाक नाही. असलाच तर माझा.

सही: चांगुणा सूर्यभान खेतमाळीस

साक्षीदार:
१. रंगनाथ भीमा खेतमाळीस (सही केली. पाणी मागितले, दिले.)
२. डॉ. शामकांत देवचक्के

मिरजगाव, जिल्हा अहिल्यानगर
दि. १२ फेब्रुवारी २०२५