काय अडलं, ते विचार

प्रिय शैलामॅडम,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आजवर लिहायचं टाळलं. पण उद्या सकाळी कॉलेजात एका मुलीबद्दल बैठक आहे, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय मला तिथे जायचं नाही.

सुनंदा नावाची आमची विद्यार्थिनी आहे. पिंपळनेरकडची, होस्टेलला राहते, दिवसभर कॉम्प्युटर लॅबमध्ये. कॉलेजने सगळ्यांकडून भरून घेतलेल्या कॉम्प्युटर-व्यसनाच्या प्रश्नावलीत तिचे गुण सगळ्यांत जास्त आले. झालं! वडिलांना फोन गेला. ते आज आले ते तिला घरी न्यायच्या तयारीनेच. "बाई, पोरले याड लागनं. बठ्ठा दिन त्या डबडापुढेच!" आता गेली तर ती परत येणार नाही, हे तिलाही कळतंय.

प्रश्नावली मी पाहिली. कॉम्प्युटर समोर नसतानाही त्याचा विचार येतो का? त्यावर बसलं की आनंद होतो का? सगळ्याला 'हो', आणि सगळ्याची एकच बेरीज.

जळगावला तुमच्या केबिनमध्ये अशी बेरीज घेऊन कुणी आलं, की तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचात. "अगं, मला झोपेतही सावद्याच्या केळीच्या बागा दिसतात. म्हणजे मी केळीची व्यसनी का?"

मग गंभीर व्हायचात. "ओढ असो की व्यसन, डोक्यात तेच असतं. त्यावरून फरक कळत नाही. काय अडलं, ते विचार. जेवण, अभ्यास, माणसं? बंद केलं की जीव कासावीस होतो का? सोडायचं ठरवून पाय पुन्हा तिथेच वळतात का?"

आज सुनंदाला मी हेच विचारलं. ती हसली. "सुट्टीत भात लावतानाही डोक्यात प्रोग्रामच असतो, मॅडम. पण लावणी कुठे अडली? विचारा बाबांना, मी त्यांच्या पुढेच असते."

वडील खाली बघत म्हणाले, "ते खरं शे."

पण मला तुमच्याशीही भांडायचंय. आजारी असतानाही संशोधनाच्या आकडेवारीपुढे बसून डॉक्टरांची तारीख किती वेळा पुढे ढकललीत? जेवणाचं ताट झाकलेलं तसंच राहायचं. मी ओरडले की म्हणायचात, "ही ओढ आहे गं, व्यसन नाही!" तुमचाच प्रश्न स्वतःला का नाही विचारलात? अडलं होतं, मॅडम. तुमचं औषध अडलं होतं!

उद्या मी ती बेरीज बाजूला ठेवायला लावणार आहे. एकेक उत्तर वेगळं वाचून दाखवीन, प्राचार्यांना कितीही उशीर होवो. सुनंदाचं शिक्षण चालू राहील असं ठरेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.

आणि पुढे कधी तिचं ताट झाकलेलं दिसलं, तर लॅबचं बटण मीच बंद करीन. तिनेही तुमच्यासारखं हसून उडवलं, तरी.

तुमची विद्यार्थिनी,
वंदना
धुळे