इंचभर आखूड

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठ तशीच आहे. कळ कमरेतून निघते ती थेट डाव्या टाचेपर्यंत. मशीनचं पायडल दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. या आठवड्यात दोन कोट न शिवताच परत केले, ताई.

डॉक्टरीणबाई म्हणतात, मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय. दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढू, छेद इंचभरही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. मला खरं वाटत नाही. बाबांची पाठ केवढी उघडली होती! त्यानंतर ते मशीनवर बसलेच नाहीत. माझंही तसंच झालं तर? मला दुसरं काही येत नाही.

तरी दवाखान्यातून घरी यायला नवी पँट शिवून ठेवली आहे. दोन्ही पायांचं माप माझं मीच घेतलं. हौस म्हण.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घाबरट कुठला! बाबांच्या ऑपरेशनला तीस वर्षं झाली. कोटाच्या आत काही बिघडलं तर तू अख्खा कोट उसवतोस का? अस्तर चार बोटं उसवून काम भागवतोस. बाईही तेच करणार.

भीती मलाही वाटते, खोटं कशाला सांगू. मी त्यांना फोन केला होता. काहींना फरक पडत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणूनच मला त्या पटल्या. मुकाट्याने जा.

आणि माप स्वतःच घेतलंस? बाबा कधी घेऊ देत नसत, विसरलास वाटतं.

काळजी मी करते, तू फक्त बरा हो.
तुझी ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! पट्टी बदलताना हिने आरसा धरला. दोनच टाके, आणि बाईंचा हात माझ्यापेक्षा सफाईदार.

घरी निघताना नवी पँट चढवली, तर डावा पाय इंचभर आखूड! नर्सबाई तोंड दाबून हसल्या. इतक्या वर्षांचा धंदा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ही म्हणाली की माप घेताना मी सगळा भार उजव्या पायावर टाकून, डावा गुडघा वाकवून उभा होतो. वर्षभर तसाच उभा राहत होतो म्हणे. पँट त्या वाकड्या माणसाला बरोबर होती, ताई.

टाच अजून थोडी बधिर आहे आणि सहा आठवडे मशीनला हात लावायचा नाही. पण कळ गेली. काल खुर्चीत बसून पाय नुसता वरखाली हलवून पाहिला, आणि रडू आलं.

दुमडीत कापड आहे, पण आधी तू ये. या वेळी माप तूच घे. मी सरळ उभा राहतो.

तुझाच,
धाकटा