गाडीची वाजवी किंमत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा मार्गी लागला हे वाचून बरं वाटलं. आता जिने चढायचे नाहीत म्हणून ते घरातली कामंही टाळायला लागतील, तेव्हा लक्ष ठेव.

मुद्द्याचं बोलतो. आतोबा त्यांची छोटी गाडी विकणार आहेत, असं तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस आणि मी ताडकन उठून बसलो. मी दिवसभर औषधांचे नमुने घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतो. माझी सध्याची धूड गाडी पगार पिते. मला अगदी तसलीच हवी आहे, लिटरला बावीस-तेवीस देणारी. शिवाय आतोबांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. केसाएवढा फरक ज्यांना खपत नाही त्यांची गाडी कशी असेल, हे मला न बघता कळतं.

पण ते तीन लाख चाळीस मागतायत म्हणतेस. तू एकदा बघून ये. कौतुक करू नकोस, तुला ती वाईट सवय आहे. आणि मुख्य म्हणजे ते गाडी का विकतायत ते काढून घे.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो या कामी जरा वाढव.
तुझा,
गुंड्या


९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आले. गाडी अशी आहे की मला माझ्या स्वयंपाकघराची लाज वाटली. पायाखालच्या रबरी चटयासुद्धा धुऊन वाळत घातलेल्या. आतोबांनी मला बसवून एक फेरी मारून आणली. आवाज नाही की खडखड नाही. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे गप्प बसले आणि उतरताना दार जरा जोरात लावून पाहिलं. आतोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

विकण्याचं कारण आत्याचा डोळा. डावा लहानपणापासूनच अधू आहे, तिचं सगळं प्रुफं तपासण्याचं काम उजव्यावर चालतं. त्या उजव्याचा आतला पडदा एका कडेनं सुटायला लागलाय. तो मधोमध सुटायच्या आत ऑपरेशन करा, फार तर हा महिना थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. साठवलेलं होतं ते आतोबांच्या हृदयाच्या दुखण्यात गेलं. उसने मागणं आत्याच्या रक्तातच नाही, तुला माहीत आहे. खिडकीशी भिंग घेऊन बसली होती. म्हणाली, परवा एका पुस्तकात राजाऐवजी रजा तशीच सुटली, आता प्रकाशक मलाच रजा देईल. स्वतःच हसली.

गाडी तुला हवी आहे म्हटल्यावर दोघंही खूश झाले. घरातच राहील म्हणाले. तुला काय परवडेल ते तूच सांगावंस, असा आत्याचा निरोप आहे.

कळव लवकर. प्रकृतीला जप, बाहेरचं खाऊ नकोस.
तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गुप्तहेर व्हायला हवी होतीस. दार आपटलंस ते तर फारच झकास.

आता नीट वाच. मी आकडा सांगणार नाही, तूही सांगायचा नाहीस. जो आधी बोलतो तो फसतो. हे मी रोज डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून शिकलोय. त्यांना तारीख आहे, आपल्याला नाही. महिना सरत येईल तशी किंमत आपोआप खाली येईल, आपल्याला तोंडही उघडावं लागणार नाही. तू अधूनमधून जात जा. तब्येतीची चौकशी कर, गाडीचा विषय त्यांना काढू दे. त्यांनी काढला की म्हण, गुंड्या विचार करतोय.

आत्याला मी वेगळं पत्र टाकलंय. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण आपल्याच माणसाला जास्त पैसे मोजले म्हणून कुणी माझा सत्कार करणार नाही.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
गुंड्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास आणि ती. आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या डोळ्याचं ताईकडून कळलं आणि दिवसभर कामात मन लागलं नाही. शाळेची शेवटची चार वर्षं मी तुमच्या घरी काढली. तू माझे निबंध तांबड्या शाईनं रंगवायचीस ते आठवलं. या पत्रातही चुका असतील, पण आता त्या शोधत बसू नकोस, डोळ्याला विश्रांती दे.

गाडीचं म्हणशील तर मला खरंच हवी आहे. पण कंपनी याच गाडीचं नवं मॉडेल काढतेय असं इथे ऐकतो. तसं झालं तर जुन्या गाड्यांना कुणी विचारणार नाही. तुम्हाला चुकीचा आकडा सांगून मागाहून दोघांनाही अवघड वाटायला नको, म्हणून जरा अंदाज घेतोय. घरच्यांत व्यवहार स्वच्छ असावा. आतोबा, टायर कधी बदलले होते तेवढं कळवाल का?

काळजी करू नका, मी आहे. आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नका.
तुमचा,
गुंड्या


२२ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं आत्या विरघळली. आतोबा मात्र त्या दिवसापासून टायरांवरून बेचैन आहेत. वाकून वाकून खाचा मोजतात. दोन नवे टायर घालून देऊ का, असं मला विचारत होते. आता दोन लाख नव्वदवर आलेत.

मधे एक भानगड झाली. आमच्या मुलीला गाणं शिकवणारे मास्तर गाडी बघून आले आणि तीन लाख वीसला तयार झाले. आतोबांनी तुझ्यासाठी म्हणून त्यांना दोन दिवस थांबवलं. मास्तर शिकवणीला आले तेव्हा मला सहज विचारलं की गाडी कशी आहे. मी म्हणून गेले की ती एकदा झाडावर आदळली होती, इंजिन उघडावं लागलं होतं, आतोबा ते सांगत नाहीत. कसं तोंडातून गेलं कोण जाणे. मास्तर परत फिरकले नाहीत.

तुझंच काम केलं, पण जेवण गोड लागलं नाही. आत्याला आता उजव्या डोळ्यापुढे बाजूनं काळा पडदा ओढल्यासारखा दिसतो. काल मला दारात ओळखलं ते आवाजावरून. संपव आता हे. दोन नव्वद फार नाहीत.

उलट टपाली उत्तर धाड.
तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मास्तरांचं वाचून मी इतका हसलो की बायको विचारायला आली. तिला सांगितलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस.

आता कच खाऊ नकोस. मास्तर गेले म्हणजे त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. अजून एक आठवडा. दोन पंचावन्नवर येतील, मग मी पैसे घेऊन स्वतः येतो. डॉक्टर मंडळी मुदत नेहमी आखूडच सांगतात. मी त्यांच्यातच वावरतो, मला विचार. महिना म्हणाले म्हणजे दोन धर.

तुझ्यासाठी साडी बघून ठेवली आहे. रागावू नकोस.
तुझा,
गुंड्या


१० मार्च

गुंड्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

चार तारखेला तू गाडी घेऊन गेलास. सहाला ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली. पडदा मधोमध सुटून बरेच दिवस झाले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं तिला कळतं. बाकी काही नाही.

आतोबांना मास्तर दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात भेटले. मास्तरांनी भोळेपणानं विचारलं की ती आदळलेली गाडी शेवटी कुणी घेतली. आतोबा तिथून सरळ आमच्याकडे आले. बसले नाहीत. मी तसं म्हणाले होते का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग विचारलं की डॉक्टरांनी दिलेली मुदत गुंड्याला ठाऊक होती का. त्यालाही हो म्हटलं. ते मान हलवत राहिले. जाताना पायऱ्यांवर तोल गेला, ह्यांनी धरायला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला.

मास्तर देत होते आणि तू दिलेस त्यातला फरक ताबडतोब पाठव. माझे दोन दागिने मी मोडते आहे. साडी परत ने.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाईट झालं. पण तू जरा शांत हो. मी गाडी घेतली, डोळा घेतला नाही. आता पैसे पाठवले तर आपण काही केलं होतं असा त्याचा अर्थ होईल. किंमत दोघांच्या संमतीनं ठरली होती. आतोबांनी स्वतः माझ्या हातात किल्ली दिली, बॉनेटवरून हात फिरवला आणि सांभाळ म्हणाले. मास्तरांशी खोटं तू बोललीस, मी सांगितलं नव्हतं.

गाडी मात्र चोवीस देते. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली आहे. जमेल तेव्हा मागून घे.

तुझा,
गुंड्या


२० मार्च

गुंड्या,

हे मी सांगते आहे, लिहितायत तुझे आतोबा. ते मधे मधे थांबतात, मग मी पण थांबते.

तू माझ्या डोळ्याची चौकशी केलेली नाहीस, तरी कळवते. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तरी खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. हे तुझ्या सोयीचं आहे, म्हणून आधी देऊन टाकते. ठेव जपून.

माझं काम गेलं. प्रकाशकाचा माणूस राहिलेली प्रुफं घेऊन गेला. शेवटची बारा पानं राहिली होती. ती मला वाचून दाखवायला हे तयार होते, पण प्रुफं ऐकून तपासता येत नाहीत. शब्द दिसावा लागतो.

आता गाडीचं. किंमत वाजवी होती का, हे माझ्या मनात घोळत राहिलं. पडून असते, दुसरं काय करणार. माझं मत असं झालं की दोन पंचावन्न वाजवीच होती. ताई पहिल्यांदा येऊन गेली त्याच दिवशी मी यांना सांगून ठेवलं होतं की गुंड्या अडीच म्हणाला तरी हो म्हणा, उरलेले माझ्या बांगड्यांतून उभे राहतील. म्हणून तर तुला काय परवडेल ते विचारायला लावलं. तू त्याच आठवड्यात आकडा कळवला असतास तर पाच हजार कमीच मोजावे लागले असते तुला. मी ऑपरेशनला जाऊन आले असते आणि तुझं पत्र निबंधासारखं तपासत बसले असते. थांबून तू काही कमावलं नाहीस. हे तुला कळावं एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ताई रोज येते. दाराबाहेर उभी राहून रडते. मी आत घेत नाही. पैशाची पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवून गेली होती, ती यांनी तिच्या घरी पोचती केली. तू फरक पाठवलास तर तोही परत येईल.

दुसरी किल्ली सोबत पाठवली आहे. आता तुला आमच्याकडे काही मागायला उरलं नाही. पत्र टाकू नकोस. आलं तर ते यांना मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, आणि तू फार गोड लिहितोस.

शेवटी लोभ असावा असं लिहू का, असं यांनी आत्ता विचारलं. मी नको म्हटलं.

आत्या